ठळक भौमितिक अक्षरं, फ्युचुरा आणि ‘विठ्ठल’मधला ठ्ठ

रेघोट्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःचंच दुखणं घेऊन आलेय.

आमचं पंढरपूरजवळ खतं-बियाण्यांचं दुकान आहे. आजोबांनी नाव ठेवलं तेव्हापासून त्यातला पहिला शब्द ‘विठ्ठल’. पत्र्याचा जुना बोर्ड यंदाच्या पावसात पार सडला, म्हणून भावाने नवा करायला घेतला. वर मराठी, खाली इंग्रजी. पुतण्या अकरावीत. त्याचा हट्ट असा की इंग्रजी नाव ‘त्या लाल पट्टीतल्या पांढऱ्या अक्षरांसारखं’ पाहिजे. म्हणजे सुप्रीम नावाच्या अमेरिकन कपडेवाल्यांचा शिक्का. तो फॉन्ट फ्युचुरा, जाड आणि तिरपा. मी पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते, त्यामुळे फाइल आपसूक माझ्या गळ्यात.

तिरपेपणा काढून टाकला आणि सरळ फ्युचुरा बोल्ड घेतला. इंग्रजी पाच मिनिटांत बसलं. मग मराठीकडे वळले आणि तीन रात्री गेल्या.

एक गंमत तेव्हा लक्षात आली. फ्युचुराला सगळे ‘वर्तुळाचा फॉन्ट’ म्हणतात. पण कॅपिटलमध्ये विठ्ठल लिहून बघा: व्ही, आय, टी, टी, एच, ए, एल. एकही गोलाई नाही! सगळ्या काठ्या. आणि मराठीत? व गोल, ठ गोल, त्याच्या पोटाखाली आणखी एक ठ, तोही गोल, आणि ल म्हणजे दोन वळणं. म्हणजे भूमिती इंग्रजीची आणि वर्तुळं आपली. मला वाटलं, सोपंच आहे, कंपास घ्यायचा आणि काढायची वर्तुळं. काढली. जे झालं ते विठ्ठल नव्हतं, शिंक्यात टांगलेले दोन काळे लाडू होते.

हिशेब मांडते. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत उंची १०० धरा. जाड अक्षर आहे, रेघेची जाडी २२. शिरोरेषा जरा बारीक ठेवली, १८. ठ ज्या छोट्या देठाने लटकतो त्याला १०. उरले ७२. त्यात एकावर एक दोन वर्तुळं बसवायची. मधली भिंत सामाईक धरली तरी आडव्या भिंती तीन, म्हणजे ६६ गेले. दोन्ही पोकळ्यांना मिळून उरले ६. लांबून तो डाग दिसतो, अक्षर नाही.

प्रश्न असे: जाड, भौमितिक, एकाच जाडीच्या रेघेचं देवनागरी मुळात जमतं का? कुणी जमवलंय? की मी चुकीच्या गोष्टीच्या मागे लागलेय?

टिंबटिंब

वाचतोय. ‘शिंक्यात टांगलेले लाडू’ला दंडवत.

म्युनिकची मावशी

छान विषय. मूळ फ्युचुराबद्दल थोडं लिहिते, कारण तुझ्या तीन रात्रींचं उत्तर निम्मं तिथेच आहे.

पाउल रेनर हा फ्युचुराचा कर्ता. १९२४ च्या सुमाराला त्याने रेखाटनं सुरू केली आणि फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीने (फाउंड्री म्हणजे छपाईचा टाइप पाडणारा कारखाना) १९२७ मध्ये टाइप बाजारात आणला. लोक सर्रास त्याला बाउहाउसचा, म्हणजे आधुनिक डिझाइनच्या त्या गाजलेल्या जर्मन शाळेचा, म्हणतात. तो तिथे कधीच शिकवायला नव्हता. तो इथे म्युनिकमध्ये छपाई शिकवणाऱ्या शाळेचा प्रमुख होता.

आता गंमत ऐक. त्याच्या सुरुवातीच्या रेखाटनांमध्ये खरोखरच कंपास-पट्टीची अक्षरं होती. छोटा आर म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या बाजूला तरंगणारा ठिपका, बस्स. छोटा जी, छोटा एन, सगळेच असे विक्षिप्त. त्यातली बरीचशी मागे पडली, कारण शब्दात बसवल्यावर ती वाचवेनात. आणि जी टिकली ती दिसायला कंपासची, पण खरी तशी नाहीत. ओ वर्तुळासारखा दिसतो, पण रेघ वर-खाली किंचित बारीक आणि दोन्ही बाजूंना जाड आहे. कारण डोळा आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड बघतो. छोट्या बी-डी-पीमध्ये गोलाई जिथे काठीला मिळते तिथे ती निमुळती केलेली आहे, नाहीतर त्या सांध्यात काळं साचतं. जसजसं वजन वाढत जातं तसतशी ही लबाडीही वाढवावी लागते. बारीक फ्युचुरा जवळजवळ प्रामाणिक आहे. बोल्ड अट्टल खोटारडा आहे. एक्स्ट्रा बोल्ड तर रेनरने केलाच नाही, तो १९५२ मध्ये एडविन शार याने अमेरिकेत केला.

तेव्हा तू कंपासने काढून बघितलंस आणि फसलीस, यात लाजण्यासारखं काही नाही. रेनरही आधी तिथूनच गेला होता.

अवांतर: नाझींच्या सांस्कृतिक धोरणाची चिरफाड करणारी पुस्तिका त्याने १९३२ मध्ये काढली. १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि शाळेतलं पद गेलं. नाझी तेव्हा जुनी काटेरी जर्मन अक्षरं ‘अस्सल’ म्हणून मिरवत होते. पुढे ३ जानेवारी १९४१ च्या फर्मानाने त्यांनीच ती अक्षरं ‘ज्यूंची’ ठरवून बंद केली! इकडच्या जुन्या कागदपत्रांत हा बदल वर्षावरून ओळखता येतो.

नवशिक्या

मावशी, मस्त माहिती. चंद्रावर पण फ्युचुराच आहे ना? कुठेतरी वाचलं होतं.

म्युनिकची मावशी

हो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यानाच्या पायावर जी धातूची पाटी लावून ठेवली, तिच्यावरचा मजकूर फ्युचुराच्या कॅपिटल अक्षरांत आहे. बोल्ड नाही मात्र.

कंपोझिटर काका

रेघोट्याताई, मी ३१ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले. आधी सोलापुरात, मग पुण्यात. आता डोळे गेलेत, नातू वाचून दाखवतो आणि मी सांगतो ते टंकतो.

तुमचा ठ्ठ आमच्या ओळखीचा आहे हो. खिळे ठेवायच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, जोडाक्षरांची घरं वेगळी असायची, त्यात ठ्ठ चं घर लहान. बाकी वर्षभर कोण वापरतो? पण आषाढी जवळ आली की हँडबिलं, पत्रिका, दिंड्यांच्या पावत्या, आणि प्रत्येक ओळीत पांडुरंग. पहिल्या दोन दिवसांतच ठ्ठ चे खिळे संपायचे. मग आम्ही ठ चा पाय मोडून पुढे दुसरा ठ लावायचो, ‘विठ्‌ठल’ असं. एकदा एका दिंडीचे विणेकरी बुवा प्रूफ बघून असे भडकले! “माझ्या देवाचा पाय मोडला तुम्ही.” शेवटी शेजारच्या छापखान्यातून मूठभर ठ्ठ उसने आणले. परत करताना त्यांनी मोजून घेतले.

जाड टाइपला आम्ही ‘ब्लॅक’ म्हणायचो. बारा पॉइंट ब्लॅक, सोळा ब्लॅक. त्यात सगळ्यात मोठं दुखणं शाईचं. घ, ध, भ, थ यांच्या गाठींमध्ये आणि पोकळ्यांत शाई भरायची. हजार कागद झाले की घ आणि ध मधला फरक देवालाच ठाऊक. मशीन थांबवायचं, रॉकेलचा ब्रश मारायचा, पुन्हा सुरू. त्यामुळे ज्या फाउंड्रीने पोकळी मोकळी ठेवली तिचा टाइप मालक जास्त पैसे देऊन घ्यायचे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव उगाच नव्हतं. जावजी दादाजींनी अक्षर पाडायच्या कामापासून सुरुवात केली, छापखाना नंतर काढला, १८६९ मध्ये. अक्षर जाणणारा माणूस होता.

तुमच्या गणितात एक गोष्ट राहिली. ठ्ठ तळाच्या रेषेवर थांबवायचाच नाही. तो खाली उतरतो. आमच्या खिळ्यातही उतरायचा, उकाराच्या जागेत.

रेघोट्या

काका, _/\_ . बुवांचा किस्सा भावाला वाचून दाखवला, तो म्हणतो पाय मोडलेला विठ्ठल बोर्डावर आला तर दुकानात गिऱ्हाईक यायचं नाही.

तुम्ही म्हणता तसं केलं. ठ्ठ ३० एकक खाली सोडला. आता ७२ ऐवजी १०२. तीन भिंती २२ च्याच ठेवल्या तर दोन्ही पोकळ्यांना १८-१८. मावशींचं ऐकून आडव्या भिंती १६ केल्या तर २७-२७. म्हणजे दिसायला लागला की! लांबून बघितलं तरी पोकळ्या उघड्या राहतात.

पण आता उभी रेघ २२ आणि आडवी १६, मग याला ‘एकाच जाडीची रेघ’ कसं म्हणायचं?

बोरूबहाद्दर

म्हणू नकाच. मुळात हा अट्टाहास का?

बोरूने देवनागरी लिहिलेली कधी नीट बघितलीत का? बोरूची टोक कापायची तऱ्हाच वेगळी. रोमन लिहिणाऱ्याची रुंद निब एका बाजूला कललेली, आपला बोरू नेमका उलट बाजूला कापलेला. त्यामुळे रोमन अक्षरात जिथे रेघ बारीक होते तिथे आपल्याकडे ती भरते, आणि उलट. हा जाड-बारीकपणा म्हणजे वरून फासलेली सजावट नाही. हात कसा फिरला हे त्यातूनच कळतं, म्हणून डोळा वाचतो. तुम्ही तो पुसून सगळीकडे सारखी जाडी दिलीत की अक्षर मुकं होतं.

आणि वर्तुळ? व चं पोट गोल नसतं, ते दंडाकडे, म्हणजे उभ्या रेघेकडे धावतं. ठ बराचसा गोल असतो हे मान्य. ट उघडा असतो. द ला शेपूट असते. क मध्ये दोन पोटं, दोन्ही वेगळी. या सगळ्यांना एकाच वाटीने छापलं की ओळ वाचताना सगळीकडे वाट्याच दिसतात. जर्मन लोकांनी त्यांच्या कॅपिटल अक्षरांना कंपास लावला, कारण ती रोमनांनी दगडात कोरली होती, तिथे वर्तुळ-चौकोन-त्रिकोण आधीपासून होते. आपली अक्षरं हाताने लिहून घडली. पेंटरला बोलवा आणि हाताने रंगवून घ्या.

सांगलीचा फ्लेक्सवाला

बोरूबहाद्दर साहेब, पेंटर आणायचा कुठनं? आमच्या गल्लीत तीन होते. एक गेला, एक रिक्षा चालवतो, तिसरा मीच की राव. 😀

मी पत्र्यावर अक्षरं रंगवलीत बारा वर्षं. खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा मारायची, मग चपट्या ब्रशने अक्षरं लटकवायची. आणि सांगतो, पेंटर लोक जाड अक्षर रंगवताना बोरू बिरू बघत नव्हते. चपटा ब्रश उभा धरला की सगळीकडं सारखीच जाडी. दुकानाच्या पाट्या, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती, ट्रकच्या मागचं लिखाण, सगळं जाड आणि सपाटच होतं. मग मुकं कसं म्हणता? चांगलं ओरडायचं ते.

आता ताईंना धंद्यातल्या दोन गोष्टी.

एक, कुणीही जाड अक्षर मागितलं की डीटीपीवाली पोरं साध्या फॉन्टला कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन देतात. दोन पॉइंट, चार पॉइंट, मारत जायचं. अक्षर बाहेरनं फुगतं तसं आतनंपण फुगतं. क्ष, ज्ञ, श्र एकदम गोळा. तसलं जाड म्हणजे सूज आहे, तब्येत नव्हे. बोल्ड पाहिजे तर बोल्ड म्हणून काढलेलाच फॉन्ट घ्या.

दोन, बोर्ड कशाचा करताय? फ्लेक्स असेल तर विषय नाही. पण एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला बोर्डाचा पत्रा) अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं लावणार असाल तर ऐका. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर सुटं कापून सुटं चिकटवायला लागतं, एक वाकडं बसलं की सगळी ओळ दारू प्यायल्यागत. मराठीला शिरोरेषा असल्यामुळं अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, वाकडा बसायचा प्रश्नच नाही. हा फायदा कुणी सांगत नाही. तोटा एकच, अनुस्वार. टिंब सुटं राहतं. मी एका गिऱ्हाइकाचं नाव लावलं होतं, ‘आनंद’ होता त्यात. दोन पावसाळ्यांत टिंब पडलं. आता तिथं ‘आनद’ आहे आणि मालक भेटला की मला बघून रस्ता बदलतो. खरं म्हणजे मीच बदलायला पाहिजे.

तुमच्या विठ्ठलात टिंब नाही. नशीबवान आहात.

टिंबटिंब

टिंबाच्या या अपमानाचा निषेध.

कायद्याचं बोला

बोर्ड करताच आहात तर हेही बघून घ्या. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. कामगार कितीही असोत, बोर्ड देवनागरीत मराठी असलाच पाहिजे, मराठी सुरुवातीला हवं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि मग सगळीकडे घाईघाईने पाट्या बदलल्या गेल्या.

त्या घाईत काय झालं ते रस्त्यावर दिसतंच. वर कंपनीच्या डिझायनरने महिनाभर घासलेलं इंग्रजी नाव आणि शेजारी कॉम्प्युटरवर जो सापडला त्या फॉन्टमध्ये मराठी. उंची पट्टीने मोजून सारखी, पण वजन निम्मं. कायदा उंची बघतो, डोळा काळेपणा बघतो. पंचवीस फुटांवरून इंग्रजी वाचता येतं आणि मराठी शोधावं लागतं.

रेघोट्या

हे फार मोलाचं बोललात. उंची म्हणजे नेमकी कुठून कुठे, हाही घोळ आहेच. वेलांटी धरायची का? ठ्ठ ची खाली उतरलेली टोपली धरायची का? मी शिरोरेषा ते तळ एवढंच धरते आणि ते इंग्रजी कॅपिटलपेक्षा थोडं मोठंच ठेवते. भांडण नको.

बोरूबहाद्दर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टोचला, कारण अर्धा पटला. वाटी एकच नको, हे शंभर टक्के. मी व आणि ठ ला एकच वर्तुळ वापरत होते, ती पहिली चूक. पण ‘अट्टाहास का’ याचं उत्तर फ्लेक्सवाल्या दादांनी दिलंय. रस्त्यावरची मराठी अक्षरं कितीतरी वर्षं जाड आणि सपाट आहेतच, ती काही फ्युचुरा बघून झालेली नाहीत.

नवशिक्या

एक बाळबोध प्रश्न. तयार फॉन्ट नाहीत का? फुकट असतील तर उत्तम. 🙈

अक्षरशत्रू

इतका काथ्याकूट! खताच्या दुकानात माणूस युरिया आलाय का ते बघायला जातो. फॉन्ट बघायला कोण जातंय?

सांगलीचा फ्लेक्सवाला

युरिया आलाय हे ज्या पाटीवर लिहितात ती वाचता यायला पाहिजे की नको?

अक्षरशत्रू

बरं. शरण आलो.

रेघोट्या

नवशिक्या, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, माझ्या तीन रात्रींपैकी पहिली त्यातच गेली. मी जे चाळलं ते माझ्या मतांसह सांगते. सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, व्यावसायिक कामाला चालतात.

पॉपिन्स. इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांचं. माझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर हेच. उघडउघड वर्तुळावर उभारलेली देवनागरी, नऊ वजनं, अगदी केसासारख्या बारीकपासून ब्लॅकपर्यंत. यात काय केलंय ते मोठं करून बघा: लांबून रेघ एका जाडीची वाटते, पण जिथे दोन रेघा भेटतात तिथे हळूच बारीक केलीय. म्हणजे मावशी सांगतात तीच लबाडी. शिवाय त्यात देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या कॅपिटलपेक्षा जास्त ठेवलीय, त्यामुळे एकाच मापात लिहिलं तरी मराठी मोठं दिसतं. कायद्याचं बोला, तुमचं काम परस्पर झालं! माझी तक्रार एवढीच की सगळ्यात जाड वजनात लांबलचक मजकूर लिहिला की पानभर टपोरे मणी दिसतात. एक शब्द, दोन शब्द, फार तर एक ओळ, तिथे झकास.

मुक्ता. मुंबईच्या एक टाइपचा. हा भौमितिक नाही, थोडा माणसाळलेला आहे. एक्स्ट्रा बोल्डसुद्धा निवांत वाचता येतो. दुकानाचा पत्ता, फोन, ‘बियाणे, खते, औषधे’ ही खालची ओळ यातच करणार आहे.

बलू. तोही एक टाइपचाच. गुबगुबीत, कडा गोल. मला फार आवडतो, पण कीटकनाशकाच्या दुकानाला इतका लाडिक नको वाटला.

आणि मोदक. हाही त्यांचाच, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. बोरूबहाद्दर, हा तुम्ही बघाच, चिडण्यासाठी का होईना. देवनागरी किती जाड करता येईल याची हद्द गाठलीय. पोकळ्या ठेवल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल, अक्षरांच्या आत नुसत्या पांढऱ्या चिरा उरल्यात, आणि तरी ते वाचता येतं! तिथे कळलं की मी ‘पोकळी किती मोठी’ एवढंच मोजत बसले होते. पोकळीचा आकार ओळखू आला तर चिरही पुरते. ठ ची चिर आणि व ची चिर वेगळी असली म्हणजे झालं.

बोरूबहाद्दर

बघितला. चिडलो नाही. उलट हा बोरूच्या अधिक जवळचा वाटला, कारण पांढरी चिर हातानेच ओढल्यासारखी फिरते. कंपास नाही त्यात. पॉपिन्सबद्दलचं मत मात्र राखून ठेवतो.

एक मुद्दा मागे घेतो आणि एक पुढे ढकलतो. रस्त्यावरच्या सपाट अक्षराबद्दल फ्लेक्सवाले बरोबर आहेत, मी वहीतल्या आणि पोथीतल्या अक्षराबद्दल बोलत होतो. पण इंग्रजी शेजारी असलं की आपण नेहमी मराठीनेच का वाकायचं? फ्युचुरा ठरवून टाकला आणि मग मराठी त्याच्या मापाने कापायला घेतलं. उलट करून बघा. आधी विठ्ठल मनासारखा काढा. मग त्याला शोभेल असं इंग्रजी शोधा.

म्युनिकची मावशी

बोरूबहाद्दरांच्या या सूचनेला +१. एका कंपनीची आठवण झाली. फर्निचरवाली आयकिया कित्येक वर्षं फ्युचुराची स्वतःची आवृत्ती वापरत होती. २००९ मध्ये ती सोडून व्हर्डाना घेतला, केवढा गदारोळ झाला होता तेव्हा! नंतर २०१९ मध्ये नोटो या फॉन्टवर गेले. मोठं कारण हेच की दुकानं देशोदेशी आणि लिप्या अनेक, एका जर्मन रोमन टाइपच्या मापाने सगळ्या जगाला कापता येईना. डिझायनर मंडळी व्हर्डानावर तुटून पडली, पण अडचण खरी होती.

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. अवांतर: बोर्डावर ल कुठला? देठाचा हिंदी ल का आपला मराठी?

रेघोट्या

टिंबटिंब, हे विचारलंत ते बरं झालं, कारण ‘विठ्ठल’चा शेवट त्याच्यावरच आहे. दंडाला टेकलेला हिंदी वळणाचा ल आणि आपला दोन पाकळ्यांचा ल, काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं, नाहीतर आपोआप हिंदी येतो. श चंही तसंच. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही मराठी वळणाचेच ल आणि श आहेत. आपला ल भौमितिक जाड अक्षरात जास्त सुरेख बसतो हे माझं पक्षपाती मत. दोन पाकळ्या शेजारी शेजारी, एकावर एक नाहीत, त्यामुळे उंचीचं भांडणच नाही.

कंपोझिटर काका

नातवाने सगळं वाचून दाखवलं. ताई, शिरोरेषेबद्दल एक. जाड टाइपमध्ये शिरोरेषा दंडाइतकी जाड ठेवाल तर शब्दावर तुळई टाकल्यासारखी दिसते. तुम्ही २२ ला १८ ठेवलीत ते ठीक. एक पायरी अजून उतरवून बघा. आणि शब्दाच्या सुरुवातीला नि शेवटाला शिरोरेषा जरा बाहेर राहू द्या. अगदी कापून टाकली की शब्द न्हाव्याकडून आल्यासारखा वाटतो.

रेघोट्या (दहा दिवसांनी)

मंडळी, बोर्ड लागला. पुतण्याच्या फोनवरून लिहितेय, फोटो इथे चढत नाहीये.

बोरूबहाद्दरांचं ऐकलं. इंग्रजीचा थर बंद करून फक्त विठ्ठल काढत बसले. पॉपिन्सचा बोल्ड पायाला घेतला, पण ठ्ठ स्वतः काढला. वरचा ठ खालच्यापेक्षा किंचित मोठा, दोन्ही अगदी थोडे आडवे चेपलेले, म्हणजे वर्तुळ नाहीतच. दंड २२, शिरोरेषा १६, ठ्ठ च्या भिंती १५. व ला त्याची स्वतःची वाटी, दंडाकडे धावणारी. पहिली वेलांटी शिरोरेषेवर फार उंच जात होती, ती दाबली. मग फ्युचुरा उघडला, तर तो शेजारी विचित्र वाटायला लागला! व्ही आणि ए यांचे कोन इतके टोकदार की विठ्ठलाला टोचतील असं वाटे. शेवटी इंग्रजी पॉपिन्सचंच ठेवलं. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. त्याला समजूत म्हणून ‘घरपोच सेवा’ची लाल पट्टी करून दिली, पांढऱ्या तिरप्या अक्षरांत. ती त्याने स्टेटसला ठेवलीय.

अक्षरं अ‍ॅक्रिलिकची, विठ्ठल एका तुकड्यात कापून घेतला. कापणाऱ्याने फाइल बघून ठ्ठ खाली लोंबतोय म्हणून तो परस्पर वर सरकवून ओळीत आणला होता, नशीब फोन करून विचारलं. खालची ओळ मुक्तामध्ये. तिच्यात एक अनुस्वार आहे, ‘केंद्र’मधला.

सांगलीचा फ्लेक्सवाला

टिंबाला मागनं स्क्रू मारून घ्या, ताई. नुसत्या गोंदावर नका ठेवू.

टिंबटिंब

आभारी आहे.